मालकाने पंप, जिना, लिफ्ट सगळं बंद पाडलंय. भाडं थांबवावं का?

दुसरा_माळा

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, तोही लवकर.

गिरगावातली पागडीची इमारत (सुरुवातीला एकरकमी पागडी, मग नाममात्र भाडं). तळमजला अधिक चार माळे, चोवीस बिऱ्हाडं. बहुतेक बिऱ्हाडं तीन पिढ्यांची. गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी दोन गोष्टी केल्या. भाडेपावत्या मिळणं बंद झालं होतं, त्या लेखी मागितल्या. आणि पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर, कराराचा मसुदा वाचायला मिळेपर्यंत सही करणार नाही असं कळवलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही, साधं पत्र.

त्यानंतर एकेक गोष्ट बंद होत गेली. आधी जिन्यातले दिवे. मग लिफ्टवर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागली, पण दुरुस्तीला कोणी फिरकलं नाही. संडास-मोऱ्या धुणारा माणूस यायचा बंद झाला. आणि आता पंप. कॉमन मीटरचं बिल मालकाने भरलं नाही, म्हणून जोडणी कापली गेली. पाणी खालच्या टाकीत येतं, वर चढत नाही. चौथ्या माळ्यावर ऐंशीच्या पुढची दोन माणसं आहेत, त्यांना आमची पोरं बादल्या नेऊन देतात.

मालकाचा कारभार बघणारे मेहताजी म्हणतात, "शेठने कुठे काय तोडलं? बिल थकलं, वीजवाल्यांनी तोडलं. तुम्ही सह्या करा, उद्या पाणी चढेल." पोलीस चौकीत गेलो तर "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा" एवढंच ऐकून परत आलो.

काल गच्चीवर बैठक झाली. बहुमत असं की पाणी नाही तर भाडं नाही, सगळ्यांनी मिळून थांबवायचं. मला हे पटत नाहीये, पण का पटत नाही ते नीट सांगताही आलं नाही. जाणकारांनी लिहावं.

कोपऱ्यावरची_खोली

यात न पटण्यासारखं काय आहे? सेवा देत नाही तर पैसे कसले? खिशाला चिमटा बसल्याशिवाय हे लोक हलत नाहीत. आमच्याकडे लालबागला असंच केलं होतं.

दुसरा_माळा

@कोपऱ्यावरची_खोली, मग मालक हलला का?

कोपऱ्यावरची_खोली

केस चालू आहे अजून.

लघुवादी

कोणती केस, ते मी न विचारता सांगतो. थकबाकीची.

मी भाड्याच्या दाव्यांमध्येच वकिली करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भाडं थांबवू नका. तुमच्या मालकाला याहून मोठी भेट तुम्ही देऊ शकणार नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ (अंमल ३१ मार्च २००० पासून) याच्या कलम १५ चा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: भाडेकरू भाडं देतो आहे किंवा द्यायला तयार आहे. तोवर मालकाला थकबाकीच्या नावाखाली ताबा मागता येत नाही. तुम्ही थांबलात की तो मागणीची नोटीस काढतो. नव्वद दिवस गेले की दावा. समन्स बजावल्यावर आणखी नव्वद दिवसांत सगळी थकबाकी, पंधरा टक्के व्याज आणि खर्च कोर्टात भरून वाचता येतं, हे खरं. पण चोवीस बिऱ्हाडांतली तीन-चार हमखास चुकतात. कोणी गावाला असतं, कोणाचं समन्स बंद खोलीच्या दाराला चिकटवलेलं असतं, कोणी "सगळ्यांचं होईल ते माझं" म्हणून बसून राहतं. मालकाला चोवीसच्या चोवीस जण बाहेर काढायचेच नसतात. चार गेले की उरलेले घाबरून सह्या करतात.

दुसरं म्हणजे, आज कोर्टात तुम्ही पीडित आहात. भाडं थांबवलंत की मालकाचा वकील उभा राहून म्हणणार, "साहेब, हेच पैसे देत नाहीत, मी वीजबिल कशातून भरू?" आणि कायद्यातले 'न्याय्य किंवा पुरेसं कारण' हे शब्द तो तिथेच वापरणार.

तेव्हा भाडं दर महिन्याला ठरल्या तारखेला पाठवा. बँकेतून पाठवा. मालक खातं देत नसेल तर मनीऑर्डर करा, ती नाकारून परत आली तर ती पावती जपून ठेवा. नाकारलेल्या मनीऑर्डरींचा गठ्ठा कोर्टात फार बोलतो. रोख देऊ नका, मेहताजी कितीही ओळखीचे असले तरी. पावती देणं मालकावर कलम ३१ ने बंधनकारक आहे, न देणं हा गुन्हा आहे.

आता मुख्य मुद्दा. तुमच्यासाठी कलम २९ आहे. कोणताही मालक, स्वतः किंवा दुसऱ्याकरवी, भाडेकरू उपभोगत असलेली अत्यावश्यक सेवा न्याय्य किंवा पुरेशा कारणाशिवाय तोडू किंवा रोखू शकत नाही. अत्यावश्यक म्हणजे काय हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात दिलंय: पाणी, वीज, जिन्यातले आणि बोळातले दिवे, लिफ्ट, सफाई. तुमच्या मालकाने जणू यादी समोर ठेवूनच काम केलंय.

आणि मेहताजींच्या "वीजवाल्यांनी तोडलं" याचं उत्तरही तिथेच आहे. मालकाच्या कृतीमुळे किंवा त्याने करायचं ते न केल्यामुळे पालिकेने वा दुसऱ्या अधिकाऱ्याने सेवा तोडली, तर तेही 'रोखणं'च धरलं जातं. बिल न भरणं यात सरळ बसतं.

अर्ज मुंबईत लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात) करायचा. एकाच इमारतीतले सगळे किंवा काही भाडेकरू मिळून एकच अर्ज करू शकतात, त्यामुळे खर्च वाटला जातो. अंतिम निकालाची वाट पाहावी लागत नाही, सेवा अमुक तारखेपर्यंत सुरू करा असा अंतरिम आदेश मागता येतो. पाण्याच्या प्रकरणात तो पहिल्याच तारखेला मागा.

तळमजला_दुकान

साहेब, आदेश मोडला तर दंड किती, तेही लिहा की. लोकांना फार आशा नको.

लघुवादी

लिहितो. दिवसाला शंभर रुपयांपर्यंत. हसू नका. याशिवाय कलम २९ मोडणं हाच गुन्हा असून दोष सिद्ध झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शंभर रुपयांनी कोणी मालक घाबरत नाही, हे मान्य. आदेशाचा खरा उपयोग वेगळा आहे. आदेश हातात असला की चौकीतला सूर बदलतो, वॉर्ड ऑफिसातला बदलतो, आणि बिल्डरचा तर सगळ्यात आधी बदलतो. अर्धवट वादात अडकलेल्या इमारतीत पैसे घालायला कोणी उत्सुक नसतं.

एक_मालक

दुसरी बाजू कोणीतरी मांडायलाच हवी. आमच्या आजोबांची इमारत आहे, परळला. सोळा भाडेकरूंचं मिळून महिन्याचं भाडं जेवढं येतं, त्यात पंपाचं आणि जिन्याचं वीजबिलसुद्धा निघत नाही. कायद्याने भाडं वर्षाला चार टक्के वाढवता येतं. तीनशेवर चार टक्के म्हणजे बारा रुपये! लिफ्टचा देखभाल करार, टाकी साफ करणं, झाडूवाला हे सगळं मी माझ्या पगारातून करतो. भाडेकरूंच्या खाली दारात गाड्या उभ्या आहेत, आणि बिलाचा वाटा मागितला की "शेठ, कायदा बघा".

पाणी तोडणं चूक. ते मी करणार नाही. पण प्रत्येक बंद लिफ्टमागे सूड नसतो, कधीकधी खरंच पैसे नसतात.

गच्चीवाले_काका

@एक_मालक, तुमचं म्हणणं खोटं नाही. चार टक्क्यांची वाढ ही थट्टाच आहे. पण त्याच कायद्यात वाढलेला कर भाडेकरूंकडून घेण्याची सोय आहे, मोठ्या दुरुस्तीवर केलेल्या खर्चापोटी भाडं वाढवण्याची सोय आहे. खर्चाचा हिशोब फळ्यावर लावून वाटा मागितला तर दहातले आठ देतात. न देणारे दोन सगळीकडेच असतात.

धागाकर्तीच्या प्रकरणात मात्र पैशाची अडचण असती तर मेहताजी म्हणाले असते "बिलाचे पैसे द्या, पाणी चढेल." ते म्हणाले "सह्या करा." यावरून सगळं उघड होतं.

दुसरा_माळा

हेच तर मला बैठकीत मांडता आलं नाही. मेहताजींचं ते वाक्य आमच्यातल्या तिघांनी ऐकलंय.

लघुवादी

मग तिघांचीही प्रतिज्ञापत्रं करून घ्या, आठवण ताजी आहे तोवर. कलम २९ मध्ये 'सूड' हा शब्द नाही, तो सिद्ध करायची सक्तीही नाही. सेवा होती, ती बंद केली, कारण पुरेसं नव्हतं, इतकं पुरतं. पण क्रम स्पष्ट दिसला तर 'पुरेसं कारण' हा बचाव उभाच राहत नाही. पत्र कधी दिलं, दिवे कधी गेले, लिफ्टवर पाटी कधी लागली, जोडणी कधी कापली. तारखांचा एक साधा तक्ता करा, एक पान.

गच्चीवाले_काका

आम्ही यातून गेलोय, दादरला. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी कागद कसे जमवायचे ते सांगतो.

सेवा *होती* हे दाखवणं लोकांच्या लक्षातच येत नाही. सगळे बंद लिफ्टचे फोटो काढतात. ती चालू होती याचा पुरावा कुठाय? आमच्या सुदैवाने एका मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत वऱ्हाड लिफ्टमधून उतरताना दिसत होतं, तो दिला. जुन्या पावत्यांच्या मागे 'पंप खर्च' असं लिहिलेलं असतं, ते बघा. टाकी धुतल्याची, लिफ्टच्या कंपनीची जुनी बिलं कोणाकडे तरी पडलेली असतात.

फोटो-व्हिडिओ मूळ फोनमध्येच राहू द्या, फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. हल्ली नव्या साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं (आधीचं ६५ ब), आणि ते द्यायला फोनवाला माणूस हजर लागतो. व्हॉट्सॅपवर फिरून आलेला फोटो नुसता शोभेचा.

चौकीत पुन्हा जा. "दिवाणी बाब" म्हणाले तरी अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, करून घ्या आणि प्रत मागा. एकट्याने जाऊ नका, पण वीस जणांनीही जाऊ नका. दोन बायका, एक म्हातारा माणूस आणि शांत बोलणारा एक जण. राग येणाऱ्याला घरी ठेवा. (आमच्याकडे तो मीच होतो, मला चहा आणायला पाठवलं होतं.)

चाळकरी

वाचनखूण साठवली. काका, पाण्याचं तुम्ही पुढे काय केलंत? कोर्ट होईपर्यंत माणसं काय पिणार?

गच्चीवाले_काका

कलम २९ च्याच सातव्या पोटकलमाचा वापर केला. तो फार कमी लोकांना माहीत असतो. मालकाने सेवा रोखली असेल, किंवा भाडेकरूला स्वतःच्या खर्चाने नवी सेवा हवी असेल, तर तो थेट पालिकेकडे किंवा संबंधित अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र मागितल्याशिवाय त्यांना ती देता येते. आम्ही परवानाधारक प्लंबर धरून वॉर्ड ऑफिसच्या पाणी खात्यात अर्ज दिला. खिडकीवर पहिला प्रश्न आला, "मालकाचं एनओसी?" कलमाची छापील प्रत अर्जाला जोडली होती, तिच्यावर पिवळी रेघ मारून. दोन-तीन खेपांनी साहेबांपर्यंत गेलं आणि झालं.

लघुवादी

विजेसाठी तर याहून सोपं. वीज कायदा २००३, कलम ४३: मालक *किंवा भोगवटादार*, म्हणजे जागेत राहणारा, अर्ज करू शकतो. आणि दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्वच्छ म्हटलं आहे की वीज ही मूलभूत गरज आहे आणि मालक एनओसी देत नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, एवढंच वीज देणाऱ्याने बघायचं. प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातलं. निकालाची प्रत अर्जाला जोडा.

कर्वेनगर_१बीएचके

माझा प्रश्न पुण्यातला, थोडा वेगळा. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार आहे. बाथरूमच्या गळतीबद्दल मालकीणबाईंना दोनदा लिहिलं, तर आता त्यांनी टेरेसवरचा व्हॉल्व्ह बंद ठेवायला सुरुवात केलीय, दिवसातून तासभर पाणी. कलम २९ मला लागू होतं का?

लघुवादी

ताई, तिथेच गोम आहे. कलम 'भाडेकरू'बद्दल बोलतं, आणि लायसन्सवर राहणारा भाडेकरू नसतो. (१ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू असलेल्या लायसन्सना कायद्याने भाडेकरू मानलं, पण ती पिढी वेगळी.) तुमचा आधार म्हणजे तुमचा करार. तो नोंदणीकृत आहे ना? पाणी-वीज त्यात लिहिलंय का? मुदत चालू असेपर्यंत दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो. पण अकरा महिन्यांसाठी कोर्टात जाण्यापेक्षा वकिलाची एक नोटीस बहुतेकदा पुरते. आणि एक लक्षात ठेवा, मुदत संपल्यावर रागाने बसून राहू नका. कलम २४ प्रमाणे ताबा तर जातोच, वर दुप्पट शुल्काने भरपाई मागितली जाते.

कर्वेनगर_१बीएचके

नोंदणीकृत आहे. पाण्याचा उल्लेखही आहे. धन्यवाद, नोटिशीचं बघते.

तळमजला_दुकान

मूळ विषयाकडे. दुसरा_माळा, तुमच्यात सह्या केलेले किती?

दुसरा_माळा

सात-आठ घरं. त्यांना मेहताजी रोज दोन पिंपं टँकरचं पाणी देतात. कालपासून जिन्यात बोलणंच बंद झालंय. एका काकूंनी तर मला "तुमच्यामुळे आमचे हाल" असं तोंडावर सुनावलं.

चाळकरी

टँकर म्हणजे सरळ फोडाफोडी. पण त्या काकूंशी भांडू नका हो. त्यांच्या दारात पिंप आलं म्हणून त्या मालकाच्या झाल्या असं नाही. सही केली तरी कलम २९ चा हक्क जात नाही, त्यांनाही अर्जात घ्या. आमच्या माळ्यावरच्या सह्या केलेल्यांपैकी दोघं नंतर साक्षीला आले होते, कारण टँकर महिनाभरात बंद झाला. सह्या मिळाल्यावर टँकरची गरज कोणाला?

कोपऱ्यावरची_खोली

बरं, भाडं थांबवायचं नाही, मान्य. पण दुरुस्ती स्वतः करून भाड्यातून कापता येते असं ऐकलंय. मग पंपाचं बिल आपणच भरून कापावं.

लघुवादी

ऐकलंय ते अर्धं बरोबर. कलम १४: मालकाला दुरुस्तीची नोटीस द्यायची, किमान पंधरा दिवसांची मुदत, तरी केली नाही तर भाडेकरूंनी करून भाड्यातून वळती करायची. पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. तुमचं भाडं समजा महिना साडेतीनशे. वर्षाचे चार हजार दोनशे, त्याचा पाव हिस्सा एक हजार पन्नास. चोवीस घरांचे मिळून पंचवीस हजार. नळ, पाइप, छोटी दुरुस्ती निघेल, लिफ्ट नाही निघणार. कायदा लिहिणाऱ्यांनी पागडीची भाडी डोळ्यासमोर ठेवली नव्हती की मुद्दाम ठेवली होती, देव जाणे.

वीजबिल ही दुरुस्ती नव्हे, ते भाड्यातून कापू नका. भरायचं असेल तर भरा, माझं मत भराच, पाणी आधी. पण पत्र देऊन भरा: 'हे बिल भरण्याची जबाबदारी तुमची आहे, आम्ही नाइलाजाने आणि हक्क राखून भरत आहोत.' भारतीय करार कायद्याचं कलम ६९ सांगतं की दुसऱ्याने कायद्याने भरायचं देणं, ज्याचं हित त्यात गुंतलंय अशा माणसाने भरलं, तर त्याला ते परत मागता येतं. वसुली वेगळी मागायची, भाडं वेगळं भरत राहायचं. दोन्हींची सरमिसळ केली की थकबाकीचा दावा आलाच.

एक_मालक

आमच्या वकिलानेही मला हेच सांगितलं होतं, उलट्या बाजूने. "ते भाड्यातून कापतायत का बघ, कापलं की मला फोन कर."

गच्चीवाले_काका

पुढच्या चालीचाही अंदाज घेऊन ठेवा. पाणी बंद करून माणसं हलली नाहीत, की इमारत धोकादायक ठरवण्याचा प्रयत्न होतो. मालक आपला स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल देतो, सी-१ म्हणजे अतिधोकादायक वर्ग लागतो आणि पालिका कायद्याच्या कलम ३५४ ची, इमारत रिकामी करून पाडण्याची नोटीस येते. इमारत खरंच मोडकळीला आली असेल तर हट्ट करू नका, जीव पहिला. पण शंका असेल तर स्वतःचा ऑडिट करून घ्या. दोन अहवाल एकमेकांविरुद्ध गेले तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. आणि घर रिकामं करायची वेळ आलीच, तर प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ पालिकेकडून नोंदवून घेतल्याशिवाय कुलूप लावू नका.

लघुवादी

काकांना पुरवणी. इमारत पाडली म्हणून भाडेकरूपण आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय. "इमारत पडली की तुमचं काय उरणार?" असं मेहताजी म्हणाले तर घाबरू नका.

दुसरा_माळा

सगळ्यांचे आभार. प्रगती कळवते.

बैठक पुन्हा घेतली. भाडं थांबवायचा ठराव मागे घेतला, कोपऱ्यावरची_खोली यांचं "केस चालू आहे अजून" हे वाक्य मी तिथे वाचून दाखवलं (रागावू नका). सतरा घरांनी अर्जावर सह्या केल्या, त्यात संमतीपत्र दिलेली तीन आहेत. "तुमच्यामुळे" म्हणणाऱ्या काकू त्यात नाहीत, पण त्यांनी २०१९ ची लिफ्टच्या देखभालीची पावती आणून दिली.

धोबी तलावला, लघुवाद न्यायालयात, अर्ज दाखल झाला. अंतरिम आदेश मिळाला: पाणी आणि जिन्याचे दिवे ठरावीक तारखेच्या आत सुरू करायचे. लिफ्टबद्दल मालकाने 'यंत्र निकामी आहे' असं म्हणणं दिलंय, त्यावर तपासणीचा अहवाल मागवलाय. कॉमन मीटरचं बिल आम्हीच भरलं, पत्र देऊन, हक्क राखून. पंप चालू आहे. मेहताजी मधूनच खाली येऊन व्हॉल्व्ह अर्धा फिरवून जातात.

गच्चीवाले_काका

टाकीजवळ कॅमेरा लावा. जागा मालकाची म्हणून हरकत घेतील, तर तळमजल्याच्या दुकानदाराला सांगा, त्याच्या गाळ्यातून टाकी दिसत असेल तर तिथून.

दुसरा_माळा

दिसते. उद्याच बसवतोय.

कोपऱ्यावरची_खोली

रागावलो नाही. आमच्याकडची थकबाकी व्याजासकट भरायची म्हटली तर समन्सनंतरचे नव्वद दिवस कधीपासून मोजायचे? समन्स माझ्या धाकट्या भावाने घेतलं होतं.

लघुवादी

समन्सची प्रत आणि बजावणीचा अहवाल घेऊन आजच तुमच्या वकिलांना भेटा. इथे तारखेचा अंदाज बांधत बसू नका.